बेळगावचे पळणारे : १९२० आणि २०२०



इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या मंडळींनी लिहिलेल्या आठवणी मी नेमाने वाचतो. कुणाच्या वाड्याची, कुणाच्या गणेशोत्सवाची, कुणाच्या आजोबांच्या नोकरीची गोष्ट असते. आपणही बेळगावचं काहीतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी कॉमर्सचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत काढली. लिहिणं म्हणजे व्हाउचर आणि इन्स्पेक्शन रिपोर्टला उत्तरं, एवढंच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय आमच्या पळणाऱ्या मंडळींचा आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत आम्ही काय केलं, काय बोललो आणि कुठे चुकलो, त्याचा हा हिशेब. पण बेळगावचा माणूस पळण्याबद्दल लिहिणार तर सुरुवात शंभर वर्षं मागे जाऊनच करायला हवी.

१९१९ सालची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. तिथल्या खेळांत खेड्यापाड्यांतली पोरं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली. या पोरांना ना कसलं शिक्षण, ना पायांत बूट, पण वेळ बघावी तर युरोपातल्या पळणाऱ्यांच्या जवळपासची. दोराबजींनी मनावर घेतलं, सरकारकडे खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे चार अॅथलीट आणि दोन कुस्तीगीर गेले. त्या चौघांत एक होता आमच्या बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले. मॅरेथॉन पळाला. त्या वेळी अंतर आजच्यासारखं ४२.१९५ किलोमीटर ठरलेलं नव्हतं. अँटवर्पला ते ४२.७५ होतं. फिनलंडचा कोलेहमायनेन पहिला आला, २ तास ३२ मिनिटांत. आपला चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. ऑलिंपिकची मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिला भारतीय.

आता हे साल बघा. १९२०. त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी, १९१८च्या पावसाळ्यानंतर, मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झा थैमान घालून गेला होता. आपल्याकडे जुनी माणसं त्याला मानमोडी म्हणायची. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. खानेसुमारीच्या इतिहासात असं ते एकच दशक. आमच्या घरातले दोन जीव त्या ऑक्टोबरात गेले. आजी बोलताना सालं सांगायचीच नाही. "मानमोडीच्या आधी" आणि "मानमोडीनंतर", एवढ्या दोनच खुणा.

म्हणजे चौगुले ज्या गावातनं पळत बाहेर पडला ते गाव नुकतंच तिरड्या उचलून थकलेलं होतं. लहानपणी हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ऑलिंपिक एका खणात, मानमोडी दुसऱ्या खणात. दोन्ही एकाच कपाटात आहेत हे कळायला २०२० साल यावं लागलं.

आमचा कंपू टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर जमायचा. बेळगावबाहेरच्यांसाठी सांगतो: ही मोठी, झाडीची, सरकारी जागा. इंग्रजांच्या अमदानीत इथे देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या कातडीवर. माझ्या पिढीच्या दंडावर जो गोल वण आहे तो त्या लसीचा. देवी गेली, लसीचं काम थांबलं, नाव मात्र राहिलं. पहाटे निम्मं टिळकवाडी तिथे चालायला. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, हवा थंड, पळायला याहून चांगलं काय पाहिजे?

आम्ही सहा जण. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं निवृत्त झालेले सुभेदार. कन्नड शाळेतले मास्तर. एक डॉक्टरीणबाई. एक दुकानदार पोरगा, आमच्यात सगळ्यांत तरुण. मी. आणि शहापुरात छोटा छापखाना चालवणारे, सगळे ज्यांना "प्रेसवाले" म्हणायचे ते. मी साठीनंतर पळायला लागलो, तेही साखरेच्या भीतीनं. प्रेसवाले मात्र खरे पळणारे. वय ५७, अंगानं सडसडीत, पळताना बोलत जायचे आणि धाप लागायची नाही. "साहेब, तुमचं पळणं म्हणजे कॅशियरचं मोजणं," म्हणायचे, "बोटाला थुंकी लावून एकेक पाऊल."

१९ जानेवारी २०२०ला मुंबई मॅरेथॉन झाली. त्यातली अर्धी मॅरेथॉन आमच्यातले तिघे पळून आले. येताना प्रेसवाल्यांनी गाडीत जाहीर केलं, पुढच्या वर्षी पूर्ण. पुढचं वर्ष आलंच नाही. २०२१ची मुंबईची स्पर्धा आधी मेपर्यंत पुढे गेली, मग झालीच नाही. २०२२लाही नाही.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. २४ मार्चला रात्री देश बंद झाल्याची घोषणा ऐकली. त्याच दिवशी टोकियोचं ऑलिंपिक पुढे ढकललं. सुभेदारांचा ग्रुपवर मेसेज: "लढाई सोडून ऑलिंपिक कधी थांबलं नव्हतं. म्हणजे ही लढाईच समजा."

मग सुरू झालं गच्चीवरचं पळणं. आमची गच्ची चाळीस फूट बाय पंचवीस. एक फेरी सुमारे चाळीस मीटरची, म्हणजे पंचवीस फेऱ्यांना एक किलोमीटर, पाच किलोमीटरला सव्वाशे. मोजायला मी खिशात चिंचोके ठेवायचो, दर पंचवीस फेऱ्यांना एक चिंचोका कठड्यावर. बायको खालून ओरडायची, "अहो, छताचा गिलावा पडेल!" फ्रान्समध्ये कुणी सात मीटरच्या बाल्कनीत पूर्ण मॅरेथॉन पळाल्याची बातमी दुकानदार पोरानं टाकली. इंग्लंडात टॉम मूर नावाचे निवृत्त कॅप्टन शंभरीच्या तोंडावर चाकांचा आधार घेऊन बागेत शंभर फेऱ्या मारत होते. लोकांनी त्यांच्याकडे तीन कोटी पौंडांच्या वर देणगी जमा केली. हे वाचून मला सत्तरीत एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं.

पण गच्चीवर पळताना रस्ता दिसायचा. त्या रस्त्यानं लोक चालत गावाकडे निघाले होते. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. मास्तरांनी एका रात्री फोन केला. म्हणाले, "साहेब, आज पळालो नाही. ते लोक गावाला पोचायला चालालेत, आणि आपण ढेरी कमी करायला पळालोय. लाज वाटली हो." मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी डाळ-तांदळाच्या पिशव्या भरायचं काढलं आणि आम्ही पळणं थांबवून आठवडाभर तेच केलं. तिसऱ्या गेटापाशी जाऊन वाटायचं. ते दिवस आमच्या कंपूचे सगळ्यांत चांगले दिवस, असं मी आजही म्हणेन.

सीमाभागातल्यांना आणखी एक ताप होता. माझी बहीण चंदगड तालुक्यात. बेळगावपासून तास-पाऊण तासाची वाट, पण मध्ये राज्याची हद्द. पास हवा, तपासणी हवी, नाहीतर परत. १९५६पासून ती रेघ आम्ही कागदावर आणि भाषणांत ऐकली होती; आमच्या घरापुरती ती रस्त्यावर आडवी पडलेली पहिल्यांदा २०२०ला पाहिली. तेव्हा वाटलं, चौगुले बेळगावहून पुण्याला गेला तेव्हा सगळा एकच मुंबई इलाखा. त्याला कुणी पास मागितला नसेल.

१९ मेपासून कर्नाटकात बागा सकाळी सात ते नऊ उघडल्या. पुन्हा रस्त्यावर आलो, सहा फूट अंतर ठेवून. खरा वाद मास्कचा. पळताना तोंडावर फडकं, धाप कशी घ्यायची? डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला: माणूस समोरून येताना दिसला की वर, गेला की खाली, आणि जोरात पळायचंच नाही. गप्पा सगळ्या लसीच्या. व्हॅक्सिन डेपोवर उभं राहून लस कधी येणार म्हणून बोलायचं, ही गंमत मास्तरांच्या लक्षात आली. जुलैत कोव्हॅक्सिनच्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांच्या केंद्रांत बेळगावचं एक रुग्णालय होतं, त्याचा आम्हाला उगाच अभिमान.

बाहेरच्या जगातल्या स्पर्धाही रिकाम्या झाल्या होत्या. १८९७पासून चाललेली बोस्टन मॅरेथॉन पहिल्यांदा रद्द झाली. लंडनची ४ ऑक्टोबरला झाली, पण फक्त मोठ्या धावपटूंसाठी, एका बागेभोवती फेऱ्या मारून. बाकी हजारो लोकांनी आपापल्या गल्लीत पळून अंतर पुरं करायचं, चोवीस तासांत केव्हाही. माझा तिकडचा भाचा असा पळाला, दिवसभर पावसात. फोनवर म्हणाला, "मामा, शेवटी टाळ्या वाजवायला फक्त बायको होती, तीही छत्री धरून." सप्टेंबरात आमचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनानं दिल्लीत गेले. तेव्हा गावाला कळलं की ही गोष्ट टीव्हीतली नाही.

प्रेसवाल्यांचा धंदा या काळात बसला होता. छापखाना लग्नपत्रिकांवर चालायचा. लग्नं पन्नास माणसांत, पत्रिका व्हॉट्सअॅपवर. दोन कामगार होते, त्यांना घरी बसवलं नाही, पण स्वतःच्या घरात काय चाललं असेल ते बोलायचे नाहीत. फक्त पळायचे. सहा, सात, आठ किलोमीटर. डिसेंबरात म्हणाले, "साहेब, मशीन बंद आहे. पाय तरी चालू ठेवतो."

मग मी एक योजना काढली. २६ जानेवारी २०२१पासून शंभर दिवस. रोज किमान एक किलोमीटर, चालून किंवा पळून. एक दिवस चुकला की साखळी तुटली. हिशेब मी ठेवणार. प्रेसवाल्यांनी उत्साहानं उरलेल्या कार्डशीटवर तक्ता छापून दिला, मी त्याची वही बांधली. रकाने असे: दिनांक, किलोमीटर, एकूण, शेरा. रजेचा रकाना नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तर नाहीच, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा मंजूर करत होतो.

१ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. मी घेतली. रात्री ताप भरला, अंग मोडून आलं. तरी दुसऱ्या दिवशी गच्चीवर पंचवीस फेऱ्या चाललो आणि ग्रुपवर टाकलं: "१०१ ताप. तरी साखळी अभंग." सगळ्यांनी अंगठे दाखवले. डॉक्टरीणबाईंनी मात्र लिहिलं, "हा मूर्खपणा आहे, काका." मी हसण्यावारी नेलं.

१ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्यांना मिळू लागली. प्रेसवाले आता ५८चे. माझा तो मेसेज त्यांनी वाचला होता. मला म्हणाले, "तुमच्यासारखा ताप आला तर माझ्याच्यानं नाही व्हायचं. आज ६६वा दिवस. ५ मेला शंभर होतात. ६ तारखेला पहिला नंबर माझा." मी काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "इतके दिवस थांबलात, अजून महिनाभर काय."

एप्रिलात दुसरी लाट आली. १७ तारखेला लोकसभेची पोटनिवडणूक झाली, रांगा लागल्या, आम्हीही मत देऊन आलो. २४ एप्रिलला शनिवारचा कर्फ्यू. रात्री नऊपर्यंत पाच जणांचे आकडे आले, प्रेसवाल्यांचा नाही. मी वहीत लाल शाईनं लिहिलं: "न कळवता गैरहजर." आणि ग्रुपवर टाकलं: "काय प्रेसवाले, ८८वर विकेट?"

उत्तर आलं नाही. सोमवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. शुक्रवारी रात्रीपासून ताप होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सहा मिनिटं चालून दाखवायची चाचणी सांगितली: बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, ऑक्सिजन ९४च्या खाली जातो का बघायचं. २१ किलोमीटर पळणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला भिंत धरून उभा राहिला. आकडा ८७.

पुढचे दोन दिवस बेड शोधण्यात गेले. ते सविस्तर लिहीत नाही, प्रत्येक घरानं तेव्हा काही ना काही पाहिलं आहे. सुभेदारांनी जुन्या ओळखी काढल्या, मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांना फोन केले, कन्नडमध्ये, मराठीत, हिंदीत. एका विद्यार्थ्यानं सिलिंडर मिळवला, दुसऱ्यानं बेड. त्या दोन रात्री कुणी कुणाला तुमची भाषा कुठली म्हणून विचारलं नाही. ९ मेला प्रेसवाले गेले. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही. मुलानं एकट्यानं सगळं केलं.

मधल्या काळात ५ मे येऊन गेला. माझे शंभर दिवस पुरे झाले. मी वहीत १०० आकडा लिहिला आणि मिटवून ठेवली. ग्रुपवर कुणीच काही टाकलं नाही.

लस घेतली असती तर ते वाचले असते का? डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. म्हणाल्या, "एका डोसनं तीन आठवड्यांत थोडं संरक्षण मिळतं, काका. त्यांना पुरलं असतं का, हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण घ्यायला हवी होती हे नक्की." ते उत्तर मी तसंच ठेवलं आहे, कमी नाही की जास्त नाही. प्रेसवाले माझ्या सांगण्यावरनं थांबले असं मी म्हणत नाही. ते स्वतःच्या मनाचे मालक होते. पण ज्या योजनेत आजारपणाला जागा नाही ती योजना माझी होती, आणि तापात चालल्याची बढाईही माझीच.

ऑगस्टात वहिनींना भेटायला गेलो. जाताना वही नेली, कारण त्यांनीच मागितली होती. चष्मा लावून त्यांनी यजमानांचं पान काढलं, एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेल्या. बेरीज बघून विचारलं, "६१२ म्हणजे किती लांब हो?" मी म्हटलं, "बेळगावहून मुंबई ओलांडून पुढे." त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके पळाले आणि त्या दिवशी माडीचा जिना चढवेना." बोट खाली सरकलं, लाल ओळीवर आलं. मी मान खाली घातली. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या रात्री फोन त्यांच्या उशाला होता. तुमचा मेसेज त्यांनी वाचला. म्हणाले, साहेबांना उद्या कळवतो, रागावतील."

मंडळी, बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही. उलट नोंद करायची आणि खाली सही. घरी येऊन मी तेच केलं. "दि. २४ एप्रिल २०२१ची नोंद चुकीची आहे. सभासद आजारी होते. गैरहजेरी रद्द." खाली सही, तारीख. लाल ओळ तशीच आहे, ती दिसली पाहिजे. पुढच्या पानापासून पट्टीनं रेघ मारून मी पाचवा रकाना आखला: रजा.

१५ जानेवारी २०२३ला मुंबई मॅरेथॉन पुन्हा झाली. आमच्यातला दुकानदार पोरगा पूर्ण पळाला, ४२.१९५. निघताना वहिनींच्या पाया पडून गेला. त्या स्पर्धेला आज टाटांचं नाव आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या एका अनवाणी पोराला अँटवर्पला पाठवणारेही टाटाच. आम्ही बाकीचे अजून व्हॅक्सिन डेपोवर जमतो. सुभेदार काठी घेऊन येतात. मी आता चालतोच, पळत नाही. मास्तर रोज विचारतात, "ऊटा आयता री, साहेब?" पहाटे सहाला जेवण झालं का म्हणून विचारणारा हा एकच माणूस. कुणाला बरं नसलं तर आधी फोन जातो, आकडा नंतर.

आता एक विनंती. चौगुलेच्या पळण्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली आहे. पण तो पळायला निघाला तेव्हा त्याच्या गल्लीत किती घरांना कुलपं होती, ते कुठे वाचायला मिळत नाही. १९१८ बद्दल आपल्या घरांत जे बोललं जायचं ते बोलणाऱ्यांबरोबर गेलं. आजीला मी कधी विचारलं नाही की ते दोघे कोण होते, कसे गेले, मागे राहिलेल्यांनी काय केलं. नावंसुद्धा मला माहीत नाहीत. २०२०-२१चं तसं होऊ नये. आपापल्या गावातलं, आपल्या माणसांचं लिहून ठेवा. जे चांगलं केलं तेही लिहा आणि जिथे चुकलो तेही, खोडाखोड न करता.

आणि कुणाच्या घरी मानमोडीच्या वर्षातली पत्रं, वह्या, किंवा चौगुलेबद्दल वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं काही असेल तर जरूर कळवा. मी वाट बघतो.